दादा, तुझा कठडा टिकला

दादा,

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तू मात्र नेमका तिथेच सुटायचास. कुणाच्याही मयताहून परत आलास की पायावर पाणी घेता घेता सुरू व्हायचास, “बरो गेलो. जिवंत आसताना कोणाक एक नारळ दिल्यान नाय.” आई रागवायची. तू म्हणायचास, “मगे काय करू? मेलो म्हणान तेचे नारळ वाढले?” मी तोंडावर पदर धरून हसायचे.

परवा तुझं तेरावं झालं. गाव आलं, तुझ्याबद्दल चांगलं बोललं, जेवलं, हात धुऊन गेलं. तुझ्या पद्धतीने बोलणारं कुणीतरी घरात उरायला हवं, आणि उरलेय मी एकटी. म्हणून लिहायला बसले.

आधी तुझं देणं मान्य करते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

माझ्या नवऱ्याने घरात दुसरी आणली तेव्हा तू बोटीवरून रजेवर आला होतास. निरोप मिळाला त्याच दिवशी भाड्याची जीप घेऊन सावंतवाडीला आलास. मला वाटलं, आता मारामारी होणार. तू ओटीवर चढलास, माझ्या नवऱ्याकडे एकदा बघितलंस, जसं सडलेल्या फळीकडे बघतात तसं, आणि मला विचारलंस, “तुझी पेटी खंय आसा?” बस्स. पेटी स्वतः उचललीस. वाटेत एका वळणावर जीप थांबवायला लावलीस आणि म्हणालास, “रडूचा आसात तर हयसरच रड. घराकडे आये आसा.” मी रडले. तू जीपला पाठ लावून विडी ओढत उभा होतास. घरी आल्यावर आईला एवढंच सांगितलंस, “नलू इली. ती आता हयसरच रवतली.” मग मला शिकायला लावलंस, मी गावच्या शाळेत लागले, आणि कुणाची बिशाद नव्हती मला ‘टाकलेली’ म्हणायची. तू बोटीवर असलास तरी तुझा धाक इथे पहारा द्यायचा.

हे मी विसरले नाही. विसरू शकले असते तर हे सगळं फार सोपं झालं असतं.

तू कायमचा घरी आलास तेव्हा घराच्या पुढच्या दोन खोल्यांवरची कौलं उतरवून स्लॅब घातलास. बाहेरून जिना काढलास. आचऱ्याच्या आपल्या घराला पहिल्यांदाच गच्ची मिळाली. माडांच्या शेंड्यांवरून खाडीचं तोंड दिसतं आणि त्यापलीकडे समुद्र. पहिल्या संध्याकाळी वर खुर्ची टाकून बसलास आणि मला म्हणालास, “नलू, सगळो जल्म समुद्रार काढलो, पण समुद्र बगूक गावलो नाय. इंजिनरूमात खंयची खिडकी?” तेव्हा मला तुझी दया आली होती. तुझी दया मला शेवटची कधी आली ते आठवायला बसले की हीच संध्याकाळ आठवते.

मग कठड्याचा विषय निघाला.

कठडा हवा, यावर वाद नव्हता. कसला, यावर होता. गंज हा तुझा जन्माचा वैरी. बोटीत तू त्याच्याशीच लढत आलास, खरवडत, घासत, रंग मारत. आता घराच्या कठड्यावर त्याला बोट ठेवू द्यायचं नाही, अशी तुझी प्रतिज्ञा. “लावलंय की लावलंय,” तू म्हणायचास आणि पुण्यातल्या तुझ्या मुलाचं, निखिलचं, नाव घ्यायचास. “माझ्या मागसून निखिलच्या झिलान पण हात लावन म्हणूक व्हया, आज्यान लावल्यान.”

साध्या लोखंडाचं तू नावही काढू देत नव्हतास. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप आणलास, एक तुकडा गच्चीच्या कडेला दोरीने टांगलास आणि रोज संध्याकाळी त्यावर समुद्राचं पाणी शिंपडायला लागलास. पाइप टिकला, पण जिथे वेल्डिंग केलं होतं तो सांधा पावसाळ्याआधीच लाल झाला. मग ॲल्युमिनियम, वर भट्टीत भाजून बसवलेली रंगाची पूड. तेही बरं निघालं, पण ज्या भोकांत लोखंडी स्क्रू होते तिथे रंगाखाली फोड आले, आणि तू ते फोड नखाने फोडून मला दाखवलेस, जणू मीच ते काढले होते. सागवान आणलंस, ते उन्हाने चिरलं. सिमेंटचे ओतीव खांब बघायला वेंगुर्ल्यापर्यंत गेलास आणि कुणाच्या तरी बंगल्याच्या फाटकाशी उभा राहून मालकाला ऐकवून आलास, की खांबाच्या आतली सळी फुगली आहे, दोन पावसात सगळे दात पडतील. काच कुणीतरी सुचवली. “आणि ती पुसतलो कोण? तुझी आवस?” म्हणालास.

स्टेनलेस स्टील म्हणजे सगळं एकच, असं मला वाटायचं. विलासने, त्या तिठ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने, तीनशे चार नंबरचं रेलिंग दाखवायला आणलं. चकचकीत होतं. त्याच्या दोन माणसांसमोर तू तो तुकडा हातात घेऊन विचारलंस, “ह्या काय?”

“स्टील, दादा. तीनशे चार.”

“ह्या चमच्याचा स्टील. उसळ ढवळूक बरा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ह्येका चायच्या डागासारखे डाग पडतत. तुका म्हायत नाय, की माका फसवक बगतंस?”

विलासने तुकडा परत घेतला. तो गेल्यावर मी म्हणाले, “त्याला असं माणसांसमोर बोलायला नको होतं.” तू म्हणालास, “मगे माणसां घेवन कित्याक येता?”

तुला तीनशे सोळा नंबरचं हवं होतं. त्याचा नमुनाही आणलास आणि तोही टांगलास. महिने गेले. तो डागाळला नाही. तरी तुझा जीव भरेना. “वरीस जाऊं दे,” म्हणालास. मग, “आणि एक पावस बगूया.”

आणि कड उघडी होती, दादा. मी सांगत होते. पहिल्या दिवसापासून सांगत होते, की चिऱ्याचा कठडा घाल. कमरेएवढा, वर गुळगुळीत सिमेंटचा हात. चिरा म्हणजे इथलाच जांभा दगड, त्यात गंजायला काही नाही, आपल्या विहिरीची कड त्याचीच आहे आणि आजोबांच्या आधीपासून उभी आहे. तू म्हणालास, भिंत येईल, वारा अडेल, खुर्चीत बसलं की समुद्र दिसणार नाही, तुरुंगात बसल्यासारखं होईल. हे तुझं म्हणणं खरं होतं. मी ते मान्यही केलं. म्हटलं, मग तोवर काहीतरी बांध. तू बांबू उभे करून त्यांना जाळ्याची नायलॉनची दोरी बांधलीस. बांबू पावसात कुजले, तू ते उपटून टाकलेस. “दिसूक वायट दिसतत,” म्हणालास.

मी पुन्हा चिऱ्याचं काढलं. चैत्रातली दुपार होती, विलास रेलिंगची मापं घ्यायला आला होता, आई जिन्याच्या तोंडाशी बसून लसूण सोलत होती. मी म्हणाले, “दादा, तुझं ते टिकणारं सापडेपर्यंत कुणीतरी खाली पडेल.”

तू मापाची पट्टी गुंडाळत माझ्याकडे न बघता म्हणालास, “टिकूचा काय आसता ता तू माका शिकयतंस? तुझा लग्न तरी टिकला काय?”

विलासने खाली मान घातली. ज्याचा तू माणसांसमोर पाणउतारा केला होतास, त्याला माझ्यासाठी शरम वाटली. आई म्हणाली, “दादा!” तेवढंच. मी खाली आले आणि पाटा घेऊन खोबरं वाटत बसले. माझी पेटी उचलून आणणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे, हे मला त्या दिवशी पटलं. पेटी तू उचललीस, दादा, पण ती कधी खाली ठेवली नाहीस. ती वर्षानुवर्षं हातात धरून ठेवलीस, वेळ पडेल तेव्हा माझ्या डोक्यात घालायला.

त्याच उन्हाळ्यात आई पडली.

आई दर वर्षी गच्चीवर सोलं वाळवायची. बांबूच्या तट्टीवर कोकमाच्या साली पसरायच्या, रस चोळायचा, पुन्हा पसरायच्या. त्या दिवशी मी दळण घेऊन तिठ्यावरच्या गिरणीत गेले होते. परत येताना आभाळ भरलं होतं, वारा सुटला होता. घरापुढच्या खळ्यात माणसं जमलेली लांबून दिसली. मी पिठाचा डबा वाटेतच ठेवला आणि धावले.

आई कुशीवर पडली होती. हातात तट्टीची कड तशीच. तिच्याभोवती सोलं सांडलेली, लालभडक, आणि मला आधी वाटलं ते रक्तच आहे. शुद्धीवर होती. तट्टी ओढत मागे मागे सरकत गेली आणि कड संपली, एवढंच झालं होतं. पाठ मोडली होती.

मी तिच्याजवळ बसणार एवढ्यात तू ओरडलास. सगळ्या वाडीसमोर.

“तू खंय होतंस? आवशीक वर कित्याक धाडलंस? ह्या वयात तिका वर धाडतत?”

मी म्हणाले, “मी नाही पाठवलं.” पण पाऊस आला, कुणीतरी गाडीला हाक मारली, आईला उचलायची धांदल झाली. माझं वाक्य कुणी ऐकलं नाही. तुझं सगळ्यांनी ऐकलं.

ते तू घाबरून बोललास, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. पहिल्यांदा घाबरला असशील. पण रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तू तेच सांगितलंस. निखिलला पुण्याला फोन केलास तेव्हाही तेच. मी शेजारी उभी होते. “नलून सोलां काढूक धाडल्यान,” तू त्याला सांगत होतास, आणि तुझा आवाज अगदी शांत होता.

आईला घरी आणलं त्याच आठवड्यात तू विलासला बोलावलंस आणि कठडा लावून घेतलास. तीनशे सोळा. इतके महिने जे ठरत नव्हतं ते एका सकाळीत ठरलं. आता तुला एक पाऊस बघायचा नव्हता. कामात मात्र कसूर नाही. उभ्या पट्ट्या इतक्या जवळ की मूठ जाऊ नये. बोल्टसुद्धा त्याच नंबरचे. कठड्याच्या पायाशी पाणी साठू नये म्हणून स्लॅबला उतार. वेल्डिंगचा काळपटपणा ॲसिडने धुऊन पुन्हा चकाकी आणलीस, कारण गंज तिथूनच शिरतो. खाली आई कण्हत होती आणि वर दिवसभर ग्राइंडर चालला होता.

मग तुझा नेम सुरू झाला. दर रविवारी सकाळी गोड्या पाण्याची बादली, मऊ फडका. स्टीलवरचं मीठ धुतलं पाहिजे, नाहीतर कितीही चांगलं असलं तरी डागाळतं. तू एकेक पट्टी पुसायचास, वरून खाली, लहान मुलाला न्हाऊ घालतात तसा. आणि आईच्या खोलीत तू येत नव्हतास. दारापर्यंत यायचास. उंबऱ्याबाहेरून विचारायचास, “जेवली?” आई म्हणायची, “ये रे आत.” तू म्हणायचास, “पाय चिखलाचे आसत.”

एका रविवारी मी मागीलदारी होते. आईला तहान लागली, तिने हाका मारल्या. मी आले तेव्हा ती थकून गप्प झाली होती, ओठ सुकलेले. वर बादलीचा आवाज येत होता. गच्चीचं पाणी पन्हाळीतून तिच्या खिडकीसमोर पडत होतं, धारच्या धार, आणि ती ते बघत होती. तिने तुला हाक मारली होती. तू ऐकली होतीस. मी वर बघितलं तेव्हा तुझा फडका थांबलेला होता, मला बघून चालू झाला.

श्रावणात, तिचं अंग पुसत असताना, आईने माझा हात धरला.

“नलू, तुका एक सांगतंय. माका दादानच सांगल्यान. तो खाली खुर्चेत पेपर वाचत होतो. म्हणालो, आये, आभाळ इला, सोलां काढ.”

मी हातातला फडका खाली ठेवला.

“तेका काय विचारू नको. कोणाक सांगू नको. माझी आण आसा.”

“आये, सगळे माका म्हणतत. शाळेत, देवळात. तुका आयकाक येता ना?”

“येता. पण तू उबी रवलंस. तुझ्या घोवान टाकल्यान तरी तू उबी रवलंस. तो उबो रवाचो नाय, गो. तो मोडात.”

आईनेही मलाच निवडलं, दादा. ओझं ठेवायला आपण मजबूत फळी शोधतो, तशी. तिच्या त्या बोलण्यात माझ्याबद्दल अभिमान होता, आणि मला तो तिच्या तोंडावर फेकावासा वाटला. मी तिला पालथं केलं आणि पाठीवरच्या जखमा पुसल्या. दिवाळी झाली आणि ती गेली.

तुला कधी कळलं नाही, की मला माहीत होतं. की कळलं होतं?

कारण त्या पावसाळ्यानंतर तू माझ्याशी एकदाही वाईट बोलला नाहीस. कठड्याबद्दल वाद घातला नाहीस, माझ्या लग्नाचं नाव काढलं नाहीस. सुरमई आणलीस की डोक्याचा तुकडा माझ्या ताटात. पावसात शाळेतून यायला उशीर झाला की छत्री घेऊन तिठ्यावर उभा. जगाशी तू होतास तसाच होतास, विलासला शिव्या चालूच होत्या. फक्त माझ्यापुढे मऊ. तो तुझा कबुलीजबाब होता आणि तो मला पुरला नाही. मला मासळी नको होती, दादा. मला एक वाक्य हवं होतं, आणि तेही त्याच खळ्यात उभं राहून, तेवढ्याच मोठ्याने.

गाव मला माफ करत राहिलं. देवळाच्या पायरीवर बायका माझा हात दाबायच्या, “तुझो काय दोष नाय गो, नशीब.” एकदा शाळेत पालकसभेनंतर एक आई थांबली आणि म्हणाली, बाई, आमच्या सासूबाईंनाही आम्ही आता वर जाऊ देत नाही, तुमचं ऐकल्यापासून. चांगल्या मनानेच म्हणाली. न केलेल्या गोष्टीची माफी रोज थोडी थोडी खायची, आणि वर आभार मानायचे. तू ते बघत होतास. खुर्चीतून, कठड्याच्या पट्ट्यांमधून, समुद्र बघत होतास.

एका संध्याकाळी मी वर कपडे काढायला आले. तू म्हणालास, “नलू, वायच बस.” मी बसले. तू घसा खाकरलास. “त्या दिसा आयेक...” मग खाडीतून आत येणारी एक होडी बघितलीस, ती वळेपर्यंत बघितलीस आणि म्हणालास, “टाकयेचा पाणी कमी येता. नळ बदलूक व्हयो.” मी तरी बसून राहिले. कपडे मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसले. तू उठून खाली गेलास.

शेवटी छातीचं दुखणं आलं. रुग्णालयात तू महिना काढलास. तुझी विष्ठा मी काढली, तुझं तोंड मी पुसलं, तुझा मुलगा फोनवर होता. तुझ्या हाडकुळ्या पायावर घोट्याच्या वर ती भाजल्याची जुनी खूण होती, वाफेने पडलेली, आणि ती बघून मला रडू आलं, हेही लिहून ठेवते. तुझा श्वास पुरत नव्हता. मला वाटलं, आता म्हणशील. माणसं म्हणतात. तू खूण केलीस, मी कान तोंडाजवळ नेला.

“गोड्या पाण्यान धुव्‌न घी हां,” तू म्हणालास. “नायतर डाग पडतत.”

त्यानंतर तू बोलला नाहीस. मी धुतलं नाही. हातधरणीच्या खालच्या बाजूने तपकिरी ठिपके आलेत, चहाचे असावेत तसे. बाकी तुझा कठडा टिकला. हलवला तर हलत नाही.

तेराव्याला निखिल होताच. सगळं नीट केलं त्याने. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. खळ्यात घराच्या सावलीला पंगत बसली. विलाससुद्धा आला होता, शेवटच्या ओळीत बसला होता. पहिला भात वाढून झाला तेव्हा निखिल मला म्हणाला, “आत्ये, जरा वर येतेस? मला तुझ्याशी बोलायचंय.”

आम्ही गच्चीवर गेलो. ऊन होतं. त्याने कठड्यावरून हात फिरवला आणि चटका बसून मागे घेतला.

“काय काम आहे बघ. एक डाग नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडे बिल्डरने लावलेलं दोन वर्षांत सडलं. हेच पप्पांचं स्मारक आहे, नाही का?”

हातधरणीखालचे ठिपके मी त्याला दाखवले नाहीत.

“आत्ये, एक सांगायचं होतं. आजीच्या बाबतीत पप्पांनी तुला कधी दोष दिला नाही. मला म्हणायचे, नलूच्या हातून चूक झाली, पण तिला बोलू नकोस, तिने आधीच फार सोसलंय. मीही देत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला कधीच माफ केलंय.”

त्याचे डोळे भरले होते. तो तुझ्यासारखा दिसतो, दादा, तरुणपणी जीपला टेकून उभा होतास तेव्हाच्यासारखा. मला त्याचा राग आला नाही. पण आईच्या आणेत तुझं नाव होतं. तू मोडू नयेस म्हणून ती आण होती, आणि आता मोडायला तू उरला नव्हतास.

मी कठडा दोन्ही हातांनी धरला. पोळला, तरी धरला. खाली वाकून शाळेत देते तसा आवाज दिला.

“सगळ्यांनी आयका! आयेक वर मी धाडूक नाय. मी दळाणाक गेल्लंय. तेका वर दादान धाडल्यान. आभाळ इला, सोलां काढ, असा खाली बसान तेणांच सांगल्यान. माका आयेन सांगल्यान, मरूच्या आधी.”

‘तेका’ म्हणाले मी, ‘तिका’ म्हणायचं होतं. जन्मभर मुलांच्या चुका काढल्या आणि माझ्या एकुलत्या एका भाषणात ही चूक.

पंगतीतले हात थांबले. सांबाराचा डवला घेऊन वाढणारा तसाच उभा. निखिल मागून म्हणाला, “आत्ये, काय बोलतेस? आज? पप्पांच्या तेराव्याला?” मी वळले नाही. मी वाट बघत होते. कुणीतरी हळहळेल, कुणीतरी तुझं नाव घेऊन ‘अरेरे’ म्हणेल, कुणीतरी मला विचारेल, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस.

भागीकाकीने पहिल्यांदा तोंड उघडलं. आपली शेजारीण, तिचं मागीलदार आपल्या खळ्याला लागून. तोंडातला घास तिने आधी गिळला.

“माका म्हायत आसा गो, नलू.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“त्या दुपारी तेची हाक माझ्या मागीलदारात आयकाक इली. सोलां काढ म्हणान. मगे तोच माझ्याकडे इलो, रडलो. म्हणालो, काकी, बोलू नको. नलूक लोक माफ करतत, तिका सोसूची सवय आसा. माका कोण माफ करूचो नाय.”

“आणि तू गप्प रवलंस?” मी वरून विचारलं.

“तूच गप्प रवलंस. आमका वाटला, भावाबहिणीचा ठरला आसा.”

‘आमका’ म्हणाली ती. मी बाकीच्यांकडे बघितलं. कुणी पानाकडे बघत होतं, कुणी वड्याचा तुकडा मोडत होतं. देवळाच्या पायरीवर माझा हात दाबणाऱ्या दोघीजणी तिथेच होत्या. विलासने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तशीच खाली मान घातली. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“म्हातारो माणूस, चुकलो,” भागीकाकी म्हणाली. “तेचो काय जीव घेतलो काय आमी? ये आता, जेवाक ये. वडे निवतत.”

डवला पुन्हा हलला. कुणीतरी भात मागितला. निखिल अजून माझ्यामागे उभा होता. मी त्याला म्हणाले, “चल, पानं थंड होतात.” आम्ही खाली आलो. भागीकाकीने सरकून मला जागा दिली. मी बसले, आणि मला भूक लागली होती, म्हणून जेवले.

तू भ्यालास ते उगीच, दादा. तू मला पुढे करून ज्यांच्यापासून लपलास, त्यांनी तुला केव्हाच माफ केलं होतं. त्याच आठवड्यात केलं असेल. त्यांना त्याचं काही पडलं नव्हतं. राहिलेय मी एकटी, आणि मला घाई नाही.